आमच्या घरात उर्फ नाही

ठाकूरद्वारच्या त्या वाडीतून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जो कोणी परदेशी गेला, तो रमाकांत टिपणिसांच्या हातून गेला. म्हणजे विमानात चढला तो आपल्याच पायांनी, पण त्याचा व्हिसाचा फॉर्म भरला टिपणिसांनी. बॅलार्ड पियरला एका शिपिंग कंपनीत ते हेडक्लार्क होते. खलाशांचे, कप्तानांचे, कप्तानांच्या बायकांचे फॉर्म भरून भरून त्यांचा हात असा बसला होता, की वकिलातीच्या खिडकीतला माणूस म्हणे नुसतं अक्षर बघून विचारायचा, "फ्रॉम मिस्टर टिपणीस?" हे अर्थात टिपणीसच सांगायचे. खरंखोटं त्या खिडकीला ठाऊक. स्वतः टिपणीस मात्र कुठे म्हणून गेले नाहीत. त्यांच्याकडे पासपोर्टच नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आम्ही पाठवणारे. जाणारे वेगळे."

रिटायर झाल्यावर संध्याकाळी त्यांच्याकडे दरबार भरायचा. फॉर्म तर ते भरायचेच, शिवाय खिडकीवर काय बोलायचं याची तालीम घ्यायचे. त्यांचे नियम तीन. अक्षर सगळं कॅपिटल. एकही रकाना मोकळा सोडायचा नाही. आणि तिसरा, जो ते बोट वर करून सांगायचे: "विचारलं तेवढंच सांगायचं! न विचारलेलं सांगायला गेलात की मेलात."

आणि मग एके दिवशी वकिलातींनी खिडक्याच बंद केल्या हो! आज ही, उद्या ती, असं करत एकेकीने जाहीर केलं, की यापुढे कुणी इकडे यायचं नाही, अर्ज ऑनलाइन करा, कागद ऑनलाइन पाठवा, काही विचारायचं असलं तर आम्हीच ईमेल करू. पहाटेची रांग गेली, खिडकी गेली आणि टिपणिसांचा दरबारही गेला. पोरंटोरं फोनवरच अर्ज भरायला लागली. समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा जर्मनीला जाऊन पोचला आणि टिपणिसांना ते त्याच्या आईने वाटलेल्या पेढ्यावरून कळलं. तो पेढा त्यांनी खाल्ला, पण तो काही त्यांना गोड लागला नाही.

अशात खुद्द घरातूनच व्हिसाचं काम निघालं. मृणालिनीबाईंना, म्हणजे टिपणिसांच्या पत्नीला, भावाकडे जायचं होतं. रघुवीर प्रधान हा त्यांचा एकुलता एक भाऊ, चाळीस वर्षांपासून युरोपातल्या एका थंड देशात. देशाचं नाव सांगत नाही, उगाच त्यांची वकिलात रागवायची. बावीस फेब्रुवारीला रघुवीररावांचं सहस्रचंद्रदर्शन. माणसाने हजार पौर्णिमा बघितल्या की त्याला पाटावर बसवून ओवाळायचं, असा हा सोहळा. वहिनी वारलेल्या, मुलंबाळं नाहीत. भावाने फोनवर साफ सांगितलं होतं, "हे बघ, तू येऊन ओवाळणार असलीस तरच मी पाटावर बसतो. नाहीतर हजार चंद्र बघितले काय नि नाही काय, सारखंच." नऊ वर्षांत बहीणभावांची भेट नव्हती. मृणालिनीबाईंनी तो फोन ठेवला आणि त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी दुसरा विषय नाही.

प्रभादेवीला राहणारी मुलगी, मनवा, रविवारी लॅपटॉप घेऊन आली. "बाबा, मी भरते. अर्ध्या तासाचं काम आहे."

टिपणिसांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अर्ध्या तासाचं? अगं, कप्तानांचे फॉर्म भरलेत मी! तू चहा घे, गप्प बस आणि बघ."

झालं. चष्मा पुसून टिपणीस बसले. पहिला नियम पाळायला मोठ्या अक्षरांचं बटण दाबून ठेवलं, ते पासवर्डलाही लागू झालं आणि यंत्राने तीनदा त्यांना दारातून हाकललं. मग दुसरा नियम. नावापुढे एक रकाना होता, पदवी वगैरे काही जोडायची असेल तर. मोकळा कसा सोडायचा? टिपणिसांनी ठसक्यात टाइप केलं, 'लागू नाही'. पुढच्या पानावर अर्जदाराचं पूर्ण नाव झळकलं: मृणालिनी रमाकांत टिपणीस लागू नाही.

मनवा हसून हसून लोळायची बाकी राहिली. मृणालिनीबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वाल सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एका अर्थी बरोबरच आहे." कुणी लक्ष दिलं नाही.

ते नाव नीट करून मनवा निघून गेली, ऑफिसचा कुठलासा कॉल होता. "उरलेली दोन पानं मी संध्याकाळी बघते, बाबा. सबमिट करू नका हं." म्हणजे टिपणिसांनी ते तासाभरात सबमिट करायचंच, हे ठरल्यासारखं होतं.

शेवटच्या पानावर प्रश्न आला: अर्जदार कधी दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखला गेला आहे काय? खाली बारीक अक्षरात 'एलियस' असा शब्द. टिपणीस खुर्चीत ताठ झाले. एलियस म्हणजे उर्फ. आणि उर्फ कुणाला असतं? पेपरात येतं ना, अमुक उर्फ पक्या, तमुक उर्फ काण्या, दोघांना भोईवाडा कोर्टात उभं केलं. दरोडेखोरांना उर्फ असतं. सभ्य माणसाला कशाला?

"आमच्या घरात उर्फ नाही!" ते गरजले आणि त्यांनी 'नाही'वर टिचकी मारली.

"काय विचारलंय?" आतून आवाज आला.

"काही नाही. तुझ्या कामाचं नाही."

अर्ज गेला. टिपणिसांनी हात झटकले, आणि तीन दिवस ते वाडीत सांगत फिरले, की ऑनलाइन बिनलाइन काही नाही, शेवटी अनुभव लागतो.

अकराव्या दिवशी अनुभवाच्या तोंडात मारणारी ईमेल आली. 'अर्जदाराने आपल्याला दुसरे कोणतेही नाव नसल्याचे जाहीर केले आहे. परंतु निमंत्रण देणारे श्री. प्रधान यांनी आपली बहीण राधा हिला बोलावले आहे. मृणालिनी या नावाचा त्यांनी आम्हाला थेट पाठवलेल्या पत्रात कुठेही उल्लेख नाही. राधा कोण? सात दिवसांत पुराव्यासह खुलासा करावा, अन्यथा अर्ज बंद करण्यात येईल.' आणि अर्ज बंद झाला तर नव्या अर्जाला दीड महिना. बावीस फेब्रुवारी तर चार आठवड्यांवर आलेली.

टिपणिसांनी आधी मेव्हण्यावर तोंडसुख घेतलं. "ऐंशी वर्षांचा माणूस, बहिणीचं नाव नीट लिहिता येत नाही?"

मनवा फोनवर म्हणाली, "बाबा, मामा आईला राधाच म्हणतो. मला वाटायचं, लाडाचं नाव आहे."

"लाडाचं नाही," मृणालिनीबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाईल टिपणिसांच्या हातातून काढून घेतला. "मनू, बावीस वर्षं माझं तेवढंच एक नाव होतं. राधा वामन प्रधान. शाळेच्या दाखल्यावर, बी.ए.च्या सर्टिफिकेटवर. लग्नात तुझ्या बाबांनी बदललं. आणि आता त्यांनीच लिहून दिलंय की अशी कुणी बाई नव्हतीच."

खोटं नव्हतं हो ते! ताटात तांदूळ पसरून, बोटातल्या अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं, ते टिपणिसांनीच लिहिलं होतं. पण पंचेचाळीस वर्षांत तिचं 'राधा' हे नाव त्यांच्या डोक्यातून असं साफ धुऊन गेलं होतं, की प्रश्न डोळ्यांसमोर असताना त्यांना ते आठवलंसुद्धा नाही. जगाच्या फॉर्ममधल्या चुका शोधणारा हा माणूस स्वतःच्या बायकोचं नाव विसरला होता. त्यांना मनापासून लाज वाटली आणि लाज वाटली की त्यांना खेकसायला व्हायचं, म्हणून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पण सात दिवस म्हणजे सात दिवस. पुरावा काय द्यायचा? त्या काळी कोण गॅझेटात नाव छापायला गेलं होतं! मृणालिनीबाईंनी कपाटाच्या तळातून लग्नाची पत्रिका काढली. त्यात 'आमची कन्या चि. सौ. कां. राधा' असं लाल अक्षरात छापलेलं. आणि एक फोटो काढला. कृष्णधवल, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात मुंडावळ्या बांधलेले टिपणीस पाटावर वाकलेले, शेजारी नवी नवरी, समोर तांदळाचं ताट. ताटातलं 'मृणालिनी' स्वच्छ वाचता येत होतं.

"पुरावा असावा तर असा!" टिपणीस एकदम फुलले. "बघ, माझं अक्षर! तांदळातसुद्धा वळण बघ."

"एक विचारू?" मृणालिनीबाई म्हणाल्या. "राधा का नको होतं, ते मला माहीत आहे. सासूबाईंचं नाव राधा. घरात दोन राधा कशा, सुनेवर ओरडले तर स्वतःवरच ओरडल्यासारखं व्हायचं, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांचं तरी ते माहेरचं नाव होतं की नाही, देव जाणे. पण मृणालिनीच का? पंचेचाळीस वर्षं विचारीन म्हणते. कुणी होती का?"

"छे छे! भलतंच काय!"

"मग?"

टिपणिसांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. तिसरा नियम सांगत होता की विचारलं तेवढंच सांगायचं, पण विचारलं होतं नेमकं तेच.

"माझा इंग्रजी कॅपिटल एम फार सुंदर यायचा," ते म्हणाले. "ऑफिसात सगळे म्हणायचे. म्हटलं, बायकोचं नाव जन्मभर फॉर्मवर लिहायचं, तर एमवरून असावं."

मृणालिनीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आता रडणार की काय, असं टिपणिसांना वाटलं. पण त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "मी आपली वर्षानुवर्षं त्या कुणा मृणालिनीचा राग राग करत होते हो! आणि ती निघाली एक अक्षर!"

मनवाने पत्रिकेचं भाषांतर करून, त्यावर नोटरीचा शिक्का घेऊन, फोटोसकट सगळं पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: कागद मिळाले. परंतु अर्जदाराशी व्हिडिओ कॉलवर थोडे बोलायचे आहे. बुधवारी दुपारी तीन वाजता.

आता मात्र टिपणिसांच्या अंगात वारं भरलं. खिडकी परत आली होती! काचेची का असेना, लॅपटॉपची का असेना, खिडकी ती खिडकी. मंगळवारी दिवसभर तालीम. "मान हलवायची नाही. यस, नो. विचारलं तेवढंच." बुधवारी लॅपटॉप टेबलावर, मागे पांढरी चादर, मृणालिनीबाई नारायणपेठ नेसून खुर्चीत, आणि टिपणीस चादरीच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे, भिंतीला चिकटून.

पडद्यावर एक तरुण बाई आली. हसतमुख होती बिचारी. बोलणं इंग्रजीत, पण मृणालिनीबाईंनी तीस वर्षं गिरगावातल्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवलेलं, त्यांना काय त्याचं!

"आईवडील तुम्हाला काय म्हणायचे?"

"राधा."

"भाऊ?"

"राधा. चिडला तर राधाक्का. पण तो आता चिडत नाही."

भिंतीजवळून टिपणिसांनी हाताने खूण केली, तेवढंच, तेवढंच!

"आणि मृणालिनी हे नाव कोण वापरतं?"

मृणालिनीबाई थांबल्या. टिपणिसांना वाटलं, किती सोपा प्रश्न, बोल ना. पण बाई खरंच आठवत होत्या. "शाळेत मला टिपणीस बाई म्हणायचे," त्या सावकाश म्हणाल्या. "शेजारीपाजारी मनवाची आई म्हणतात. मुलं काकू म्हणतात. मृणालिनी... बँकेत म्हणतात. टोकन नंबरच्या मागून."

पडद्यावरच्या बाईने काहीतरी लिहून घेतलं. "घरी? तुमचे पती तुम्हाला काय म्हणतात?"

"अगं."

"माफ करा?"

"अगं. ते मला अगं म्हणतात."

"ते कशाचं लघुरूप आहे?"

"कशाचंच नाही."

आता टिपणिसांना राहवेना. सगळा अर्ज पाण्यात चालला होता! स्वतःचाच तिसरा नियम धाब्यावर बसवून ते चादरीपुढे उडी मारून आले. "मॅडम, मी पती! रमाकांत टिपणीस! हे नाव मी स्वतः ठेवलेलं आहे, फोटोत बघा, तांदळात मीच लिहितोय!"

बाई अजिबात दचकली नाही. "बरं झालं आलात. सर, तुम्हीच सांगा. तुम्ही पत्नीला कोणत्या नावाने हाक मारता?"

टिपणिसांनी तोंड उघडलं. शेकडो माणसांना त्यांनी खिडकीवर बोलायला शिकवलं होतं. मृणालिनी म्हणतो, एवढं म्हटलं की संपलं, हे त्यांना कळत होतं. पण ते खोटं होतं. पंचेचाळीस वर्षांत, लग्नात नाव घ्यायला लावलं होतं तेवढं सोडलं, तर त्यांनी ते नाव एकदाही तोंडाने उच्चारलं नव्हतं. लिहिलं होतं हजारदा. रेशनकार्डावर, पासबुकावर, एलआयसीच्या कागदांवर. हाक मात्र कधी मारली नव्हती. एका पोरीचं बावीस वर्षांचं नाव काढून घेतलं, दुसरं दिलं, आणि दिलेलंही तिला कधी ऐकू येऊ दिलं नाही.

"अगं," ते म्हणाले. "मी अगंच म्हणतो, मॅडम."

"स्पेलिंग?"

"ए, जी, ए," टिपणीस म्हणाले, आणि खाली बघून उभे राहिले.

बाईने ते लिहून घेतलं, दोघांचे आभार मानले, निर्णय ईमेलने कळवू म्हणाली आणि पडदा काळा झाला.

नंतरचे पाच दिवस टिपणिसांना घास गोड लागला नाही. बायको गेली नाही तर म्हातारा पाटावर बसणार नाही, आणि हे सगळं आपल्या एका टिचकीने. दोनदा त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं. पण माफी मागायची तर आधी हाक मारायला हवी, आणि तोंडातून यायचं ते 'अगं'च. मग ते म्हणायचे, "चहा आहे का?"

सोमवारी सकाळी मृणालिनीबाई भाजी घ्यायला खाली उतरल्या होत्या. टिपणिसांनी सवयीने ईमेल उघडली आणि ते उभेच राहिले. व्हिसा मंजूर! सोबत जोडलेला कागद त्यांनी दोनदा वाचला. नाव: मृणालिनी रमाकांत टिपणीस. अन्य नावे: राधा वामन प्रधान, आगा.

ते अनवाणीच गॅलरीत धावले. खाली वाडीत भाजीवाल्याच्या गाडीभोवती बायकांचा घोळका, त्यात त्यांची निळी साडी, पाठमोरी, दुधी निवडणारी.

"अगं!" टिपणीस ओरडले.

पाच बायकांनी वर बघितलं. वाडीत काय, प्रत्येकीचंच नाव अगं. निळ्या साडीने मात्र बघितलं नाही. फाटकाबाहेरून टेम्पो चालले होते, किंवा तिने मुद्दाम बघितलं नसेल.

टिपणिसांनी कठडा घट्ट धरला. आई गेल्याला वीस वर्षं होऊन गेली होती, तरी एकदा त्यांनी मागे वळून घरात नजर टाकली. मग सगळा जीव गोळा करून हाक मारली, "राधा!"

भाजीवाल्याने तराजू खाली ठेवला. मृणालिनीबाई सावकाश वळल्या. त्यांनी वर बघितलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं की व्हिसा आला. त्यांचे डोळे भरून आले, पण आवाज अगदी खणखणीत होता.

"ते दादाचं!" त्या खालून म्हणाल्या. "तुम्ही ठेवलंत, ते घ्या!"

आता बायकाच काय, गॅलऱ्यागॅलऱ्यांतून माणसं बघायला लागली होती. टिपणिसांचे कान लाल झाले. नाव लांबलचक होतं, जोडाक्षरासारखं काहीतरी सुरुवातीलाच अडकत होतं, आणि बहात्तराव्या वर्षी नवीन काही तोंडात बसवायचं म्हणजे कठीणच.

"मृ..." ते म्हणाले. खाकरले. "मृणा... मृणालिनी!"

"ओ!" मृणालिनीबाई म्हणाल्या, आणि दुधी तसाच गाडीवर टाकून जिन्याकडे निघाल्या.